दहा सेंटांची सावली

गिऱ्हाईक दुकानात नसलेलीच वस्तू मागतं, दुकानदार मान हलवतो आणि विषय तिथेच संपतो. 1930 साली न्यूयॉर्कमध्ये तो संपला नाही. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेचं गुन्हेकथांचं एक मासिक होतं. त्याचा खप वाढावा म्हणून 31 जुलैपासून त्यातल्या कथा रेडिओवर सुरू झाल्या. कथा सांगणाऱ्याला नाव नव्हतं. तो फक्त ‘द शॅडो’, आणि त्याचं हसू अंगावर काटा आणणारं. ऐकणारे स्टॉलवर गेले आणि जाहिरात ज्या मासिकाची होती ते सोडून म्हणाले, ते शॅडोवालं मासिक द्या. तसं मासिकच नव्हतं. मग ते काढावं लागलं.

लिहायला बसवला वॉल्टर गिब्सन. फिलाडेल्फियाचा वार्ताहर, कोडी रचणारा, आणि मुख्य म्हणजे जादूगार. हूदिनी आणि थर्स्टन या नामांकित जादूगारांसाठी पडद्याआडून लिहिणारा. छापील नाव मात्र मॅक्सवेल ग्रँट, प्रकाशकाच्या मालकीचं, म्हणजे उद्या लेखक बदलला तरी वाचकाला पत्ता नको. पहिला अंक एप्रिल 1931 चा. तो चालेल याची खात्री नसल्यामुळे मुखपृष्ठावर नवा खर्च झाला नाही. गोदामातलं एक जुनं चित्र काढलं. चित्रात चिनी माणूस होता, म्हणून गिब्सनने कथेत चायनाटाउन घातलं. नालासाठी घोडा म्हणतात तो हा.

या अंकाचा देह बघण्यासारखा असतो. साधारण सात बाय दहा इंच, शंभराच्या वर पानं, दोन रकान्यांत दाटीवाटीचा मजकूर, किंमत दहा सेंट. मुखपृष्ठ गुळगुळीत आणि भडक, आतला कागद लाकडाच्या लगद्याचा. ‘पल्प’ हे नाव त्या लगद्यावरूनच आलं. स्वस्तात करायचा म्हणून लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य, काढत नसत. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. कागदातलं आम्ल तंतू आतून तोडत राहतं. आज असा अंक उघडला की मांडीवर तपकिरी भुगा पडतो. पिना पाठीच्या बाजूने आरपार मारलेल्या असतात, त्यामुळे अंक सपाट उघडत नाही. बळेच उघडला तर मुखपृष्ठ पाठीवर चिरतं. मुखपृष्ठ आतल्या पानांपेक्षा थोडं मोठं असल्याने बाहेर आलेली कड आधी फाटते. ती चिकटपट्टीने जोडणं हा सगळ्यात वाईट उपाय: काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा गोंद कागदात मुरून कायमचा डाग ठेवतो. उभ्याने कपाटात कोंबू नये. मागे आम्लरहित पुठ्ठा देऊन पारदर्शक पाकिटात आडवा ठेवावा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड आणि झुंजार ज्यांनी लायब्ररीच्या जुन्या प्रतींतून वाचले, त्यांना हा भुगा आणि हा वास ओळखीचा वाटेल.

मासिक आधी तिमाही ठरलं होतं, लगेच मासिक झालं आणि 1932 मध्ये पाक्षिक. प्रत्येक अंकात एक पूर्ण कादंबरी, सुरुवातीच्या काळात साठ हजार शब्दांच्या आसपास. म्हणजे रोज चार हजार शब्द, सुट्टी नाही. गिब्सनच्या करारात वर्षाला 24 कादंबऱ्या होत्या. वर्ष सरायच्या आत त्याने 28 हातावेगळ्या केल्या. एकूण 325 अंकांपैकी 282 त्याचे. थिओडोर टिन्स्लीने 27 लिहिल्या, ब्रूस एलियटने 15, आणि उरलेली एक लेस्टर डेंटने.

या वेगात नायक शिळा कसा झाला नाही? गिब्सनने तो जवळून दाखवलाच नाही. अंधारी खोली. कोपऱ्यात निळा दिवा लागतो. टेबलावर उजेडाचं एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळात फक्त दोन पांढरे, लांब बोटांचे हात. डाव्या हाताच्या बोटात गिरासोल, आतून निखाऱ्यासारखा रंग बदलणारा ओपल. हात पाकीट फोडतात, सांकेतिक मजकूर वाचला जातो, आणि हवा लागताच शाई उडून कागद कोरा होतो. दिवा विझतो. हसू ऐकू येतं. चेहरा नाही, आणि डोक्यात काय चाललंय तेही नाही. जादूगार हेच करतो: प्रेक्षकाला हात दाखवतो आणि नजर हवी तिथे नेऊन ठेवतो. नायकाचं मन एकदा उघडलं की पुढच्या पंधरवड्याला त्यात नवीन काय दाखवणार!

पळापळीचं काम हस्तकांकडे. पहिल्याच कादंबरीत हॅरी व्हिन्सेंट धुक्यात पुलावरून उडी टाकायला निघालेला असतो. एक हात त्याला मागे खेचतो, आणि तो आयुष्य त्या हाताच्या मालकाला देऊन टाकतो. बातमीदार क्लाइड बर्क, टॅक्सीवाला मो श्रेव्हनिट्झ, निरोप पोचवणारा बर्बँक असे बाकीचे नंतर येतात. अडकतात ते, घाम फुटतो तो त्यांना. या रचनेत धोका एकच. शॅडो लवकर आला की गोष्ट संपते, फार उशिरा आला की वाचक चिडतो. गिब्सनचा अंदाज क्वचितच चुकतो. जिथे चुकतो तिथे वेषांतर इतक्या वेळा होतं की खोलीतला प्रत्येक अनोळखी माणूस शॅडोच वाटू लागतो.

नावसुद्धा उसनं. श्रीमंत लॅमाँट क्रॅन्स्टन म्हणजेच शॅडो, असं वाचक धरून चालतो, आणि तिसऱ्याच कादंबरीत खरा क्रॅन्स्टन वेगळाच निघतो. शॅडो मूळचा वैमानिक केंट अलार्ड, हे कळायला 1937 उजाडलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात रेडिओवर तो नव्याने आला, आता निवेदक नव्हे तर नायक म्हणून. आवाज बावीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सचा. अर्ध्या तासात इतके हस्तक कानाला वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून बहुतेकांना रजा मिळाली. नायकाला बोलायला कोणी हवं, आणि तो आवाज पुरुषांच्या गर्दीत उठून दिसायला हवा. म्हणून मार्गो लेन आली. शॅडोचा काळा झगा तर ऐकूच येत नाही. त्यावर तोडगा म्हणून शॅडोला पूर्वेकडच्या देशात शिकलेली विद्या दिली: माणसांची मनं धूसर करून अदृश्य व्हायचं. माझ्या मते ही सगळ्यात हुशार काटकसर. रेडिओवर अदृश्य होणं फुकट असतं. माइकचा आवाज गाळून थोडा टेलिफोनसारखा केला की झालं. प्रायोजकांत एक कोळशाची कंपनी होती. ती आपला कोळसा ओळखू यावा म्हणून त्याला निळा रंग देई. माणसाच्या मनात कोणतं पाप दडलंय ते शॅडोला ठाऊक, आणि थंडीत शेगडीत काय घालावं तेही. कार्यक्रम डिसेंबर 1954 पर्यंत चालला. श्रोत्यांच्या ओढीने मार्गोला 1941 मध्ये मासिकातही जागा द्यावी लागली, तिथे ती जुन्या वाचकांना बरीच खटकली.

आता वारसा. नोव्हेंबर 1936 च्या अंकात टिन्स्लीची एक कादंबरी होती: रसायनांच्या धंद्यातले भागीदार एकेक करून मारले जातात. मे 1939 च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27 व्या अंकात बॅटमन जन्मला तो याच कथेवर, ती पहिली बॅटमनकथा लिहिणाऱ्या बिल फिंगरने ते पुढे स्वतःच कबूल केलं. रिकामटेकडा श्रीमंत, रात्रीचा काळा झगा, पोलीस आयुक्तांशी ओळख, हे सामानही ओळखीचं. याला चोरी म्हणावंसं वाटत नाही. ज्या बाजारात मुखपृष्ठ गोदामातून येतं आणि लेखकाचं नाव मालकाचं असतं, तिथे कथानक तेवढं सोवळ्यात कसं राहणार? फरक पडला तो पिस्तुलाने. सुरुवातीला बॅटमनकडेही ते दिसतं, पण लवकरच काढून घेतलं गेलं आणि तो पोरांच्या डब्यावर, पतंगावर, कुठेही बसू शकला. शॅडोच्या दोन्ही हातांत पॉइंट पंचेचाळीसची पिस्तुलं कायम राहिली.

युद्धात कागद तुटला, पाक्षिकाचं पुन्हा मासिक झालं, आकार लहान झाला. 1949 च्या उन्हाळ्यात 325 वा अंक निघाला आणि मासिक बंद पडलं. 1973 साली बॅटमनच्या 253 व्या अंकात दोघं एका कथेत भेटतात, आणि माझी प्रेरणा तूच होतास, असं बॅटमन त्याला सांगतो. त्या अंकाची किंमत होती वीस सेंट.