कसले मलम लावले?

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर तालुक्यातल्या एका गावात माझा आयुर्वेदिक दवाखाना आहे. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत एका सकाळी एक आजी आणि त्यांची सून आठ महिन्यांच्या बाळाला गोधडीत गुंडाळून घेऊन आल्या. "डॉक्टर, पोऱ्याले सर्दी व्हई गयी, मलम लावेल शे," असे आजींनी सांगितले. सर्दीवर मलम हे ऐकून मला शंका आली आणि मी विचारले, "माय, कसलं मलम?"

उत्तर येण्याआधीच गोधडी उघडली आणि कापूर व पुदिन्याच्या अर्काचा उग्र वास खोलीभर पसरला. बाळाच्या छातीवर, पाठीवर, इतकेच नव्हे तर नाकपुड्यांच्या कडांनाही चिकट थर चमकत होता. बाळ पेंगुळलेले होते, मध्येच दचकत होते आणि वाटेत ओकलेही होते. आजींनी कनवटीची डबी काढून दाखवली. तो डोकेदुखीचा बाम होता.

कापूर कातडीतून आणि नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेतून अंगात शिरतो, आणि तान्ह्या मुलांना त्याने झटके येऊ शकतात. पुदिन्याचे सत्त्व नाकाजवळ लावल्यास एवढ्या लहान बाळाचा श्वासही अडखळू शकतो. म्हणूनच दोन वर्षांखालच्या मुलांना असा बाम लावू नये. आम्ही कोमट पाणी आणि सौम्य साबणाने बाळाचे अंग पुसून काढले, कपडे बदलले आणि त्याला लगेच शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवले. बामात काय काय आहे ते तिथल्या डॉक्टरांना कळावे, म्हणून डबीही आठवणीने सोबत दिली. रात्रभर त्यांनी बाळावर लक्ष ठेवले. झटका आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाळ घरी आले.

आजींना अडाणी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी वापरलेला शब्दच इतका ऐसपैस आहे की त्यात जखमेचे, खरजेचे, भाजल्याचे आणि डोकेदुखीचे असे सगळेच सामावते. 'मलम' आपल्याकडे आले ते अरबी 'मरहम'वरून, फारसीच्या वाटेने, आणि तिथे त्याचा अर्थ जखमेवर लावायचे औषध असा होता. पुढे आयुर्वेदाच्या उत्तरकालीन ग्रंथकारांनी त्याला 'मलहर' असे संस्कृत रूप देऊन मळ हरण करणारे ते मलहर अशी फोड केली. चरक-सुश्रुतांच्या काळी चालणारा शब्द 'लेप' होता. सुश्रुताने तर प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे भेद करून कोणता पातळ, कोणता जाड, कोणता थंड लावावा हे सांगितले आहे आणि लेप वाळल्यावर अंगावर ठेवू नये असेही बजावले आहे. ही काटेकोर भाषा मागे पडली, याची मला मनापासून हळहळ वाटते.

'बाम'चे कूळ निराळे आहे. हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी त्याच्या मुळाशी ग्रीक 'बाल्सामॉन' आहे, म्हणजे झाडाचा सुगंधी चीक. ज्या झाडाच्या चिकाला प्राचीन काळी सोन्याचे मोल होते, ते आमच्या सातपुड्यातल्या सालईच्याच कुळातले. तेव्हा बामाचा जीव पहिल्यापासून वासात आहे, तर मलमाचा जीव मेण आणि तेलाच्या त्या थरात आहे जो जखम झाकतो. थर कातडीवर बसतो आणि वास श्वासात जातो, आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा आहे.

तेव्हापासून मलम लावले असे कोणी सांगितले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वासाचं का बिनवासाचं?" हा प्रश्न घरोघरी जाणाऱ्या आमच्या आशाताईंनीही उचलला आहे. बाळंतिणीच्या घरी गेल्यावर त्या कोनाड्यातली डबी हातात घेऊन हुंगतात, वासाची असेल तर बाळापासून दूर ठेवायला सांगतात, आणि बाळाचे नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्याआधी नाकात कसे सोडायचे, ते आईला करून दाखवतात.