१७३ ओळींचा अंदाज

ग्राहकांच्या थकबाकीचा रिपोर्ट पोस्टग्रेस डेटाबेसमधून नेहमी मिनिटभरात निघायचा. त्या दिवशी वीस मिनिटं झाली तरी चालूच होता. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत (कोणती क्वेरी आत्ता काय करतेय ते दाखवणारी यादी) पाहिलं तर वेट इव्हेंट, म्हणजे ती कशासाठी थांबलीय ते, 'डेटाफाइलरीड'. म्हणजे सीपीयू रिकामा आणि डिस्कवर धावाधाव. नुसता सीपीयू वाढवून काही झालं नसतं.

पोस्टग्रेस चालू क्वेरीचा प्लॅन, म्हणजे डेटा कसा शोधायचा त्याचा आराखडा, मध्येच बदलत नाही. ओरॅकल १२सी किंवा एसक्यूएल सर्व्हर २०१७ हे डेटाबेस ओळी मोजून ऐनवेळी ठरवू शकतात: नेस्टेड लूप (एका टेबलाच्या दर ओळीसाठी दुसऱ्यात वेगळा शोध) की हॅश जॉइन (एका टेबलाची मेमरीत यादी करून दुसरं एकदाच वाचणं). आमच्याकडे पोस्टग्रेस, त्यामुळे पीजी_कॅन्सल_बॅकएंड वापरून क्वेरी थांबवली आणि तीच 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ बफर्स' लावून (हे क्वेरी खरोखर चालवून प्रत्येक पायरीचा वेळ दाखवतं) पुन्हा सोडली. ती पूर्ण होईपर्यंत आकडे मिळत नाहीत, तेव्हा आणखी २४ मिनिटं गेली.

बिलांच्या टेबलावरच्या इंडेक्स स्कॅनसमोर (सूचीवरून ओळी शोधण्याची पायरी) ३० मिलिसेकंद दिसत होते. नवखा माणूस इथेच फसतो. तो आकडा एका फेरीचा असतो, आणि शेजारी लूप्स ४८,०००. गुणाकार केला की १,४४० सेकंद, म्हणजे सगळा वेळ तिथेच. दर ग्राहकाची १२ बिलं १२ वेगळ्या पानांवर विखुरलेली.

प्लॅन ठरवणाऱ्या प्लॅनरने नेस्टेड लूप निवडला, कारण त्याला ग्राहक १७३च वाटले होते. ४० लाख ग्राहकांत पुणे जिल्हा ९ टक्के, हवेली तालुका ४ टक्के, मागितलेला पिनकोड १.२ टक्के. तिन्ही आकडे बरोबर. पण प्लॅनर कॉलम एकमेकांपासून स्वतंत्र धरून त्यांचा गुणाकार करतो. तो पिनकोड मुळात हवेलीतलाच, हे त्याला कोण सांगणार? स्टॅटिस्टिक्स टार्गेट, म्हणजे दर कॉलमची आकडेवारी किती बारीक ठेवायची ते, १०० वरून १,००० करायची सूचना आली. त्याने एकेका कॉलमचं चित्र अधिक बारीक होतं, नातं कळत नाही.

आधी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये 'सेट लोकल एनेबल_नेस्टलूप ऑफ' करून पाहिलं: ४१ सेकंद. निदान पक्कं झालं, पण हा स्विच कायम बंद ठेवू नये, छोट्या क्वेऱ्या मंदावतात. मग तिन्ही कॉलमवर डिपेंडन्सीज (कोणता कॉलम कोणावर अवलंबून) आणि एमसीव्हीसह (एकत्र सर्वाधिक येणाऱ्या किमती) 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स', आणि लगेच अ‍ॅनालाइझ. ही कमांड आकडेवारी गोळा करते; तिच्याशिवाय ते रिकामंच राहतं. अंदाज ४७ हजारांवर आला, हॅश जॉइन आपोआप निवडला गेला. प्लॅनमध्ये बॅचेस १, म्हणजे हॅश ठरवून दिलेल्या मेमरीत मावला. जास्त दिसल्या असत्या तर तो डिस्कवर सांडला असता.

पोस्टग्रेसची मेजर आवृत्ती बदलताना, निदान १८ पर्यंत, 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स'ची व्याख्या पुढे जाते, तिच्यासाठी गोळा केलेली आकडेवारी नाही. अपग्रेडनंतरच्या यादीत अ‍ॅनालाइझ लिहून ठेवलं आहे.