इंगळे, इंगले, इंगये

आमच्या आजोबांना तीन मुलगे. बोलायला आडनाव एकच, लिहायला तीन. थोरले इंगळे. मधले काका नोकरीसाठी मध्य प्रदेशात गेले. हिंदीत 'ळ' नाही, तिथल्या बाबूनं 'इंगले' लिहिलं आणि पेन्शनीपर्यंत ते इंगलेच राहिले. धाकट्यांच्या इंग्रजी दाखल्यात 'जी' आणि 'एल'च्या मधे एक 'ए' येऊन बसला, थोरल्यांच्या दाखल्यात तो नाही. मराठीत सख्खे भाऊ, इंग्रजीत परके.

पुतण्याच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद हवा होता, म्हणून मी यात पडलो. कागद मिळाला, त्याचं काम झालं. माझा नाद काही सुटला नाही.

कोतवाल बुकाची नक्कल काढली, तर तिथे आडनावच नाही! 'गणू वल्द सखाराम', म्हणजे सखारामचा मुलगा गणू, बस. बाईमाणूस असलं तर 'जौजे' अमुक, म्हणजे अमुकची बायको. कोतवालानं जन्म-मृत्यू तोंडी सांगायचे, कोणीतरी लिहून घ्यायचे. 'ळ' की 'ल' यावर मी रात्री जागवत होतो आणि पणजोबांना बिचाऱ्यांना आडनावाशिवायच नोंदवलेलं. बरं, नाव तरी पक्कं असावं? एका कागदात गणू, दुसऱ्यात गणाजी, तिसऱ्यात गणपत.

मग वावराचा माग धरला. माणसाचं नाव लिहिणाऱ्याच्या कानावर असतं, वावर मात्र जागचं हलत नाही. जुना सर्व्हे नंबर घ्यायचा, त्यावरचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, वाचत मागे जायचं. माणूस गेला की वारस लागतात, भावांची नावं ओळीनं येतात. एकटा गणू कोणाचाही असू शकतो; पण ज्याच्या पाठीवर महादू आणि नारायण आहेत, तो आपलाच. इंगले, इंगळे, नुसता वल्द, सगळे असे एका बांधावर आले.

एक गणू तेवढा भलताच निघाला. कागदावर स्वच्छ 'इंगळे', मात्रासुद्धा जागच्या जागी. मी त्याला आनंदानं वंशावळीत बसवला आणि कागद घेऊन दर्यापूरकडे आत्याबाईंकडे गेलो. खारपाणपट्ट्यातलं घर, मचूळ पाण्याचा चहा. आत्याबाईंचं वय पंच्याऐंशीच्या पुढे. वाचता येत नाही, म्हणून मीच नावं वाचत गेलो. गणूपाशी त्यांनी हात वर केला.

"थो आपला नोहे बाप्पा. थो तं चिंचवाल्याचा गणू."

"पण आडनाव इंगळेच आहे ना?"

"असन. गावात दोन घरं इंगये. चिंचवाले नाल्यापल्याड राहेत. त्याइचं सुतक आपल्याले नाही."

आत्याबाईंच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. इंगळ म्हणजे निखारा. लहानपणी मला या आडनावाचा मोठा तोरा होता. 'इंगये' ऐकलं की तो निखारा विझून राख होतो. पण सात-आठ कागद चाळले, हे रूप एकातही नाही, आणि गावात सगळे म्हणत हेच. ते तरी सरकारी माणूस आला तरच. एरवी चिंचवाले.

मी चिंचवाल्यांच्या गणूवर काट मारली. मग सहज विचारलं, "ते चिंचवाले, तर आपल्याला गावात काय म्हणत?"

आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सूनबाईही आतून खुदकली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

"थे कागदावर लिवाचं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "तू चहा घे."