कार्बन रिम, पितळी निपल आणि खारा वारा

रत्नागिरीत आमचे घर समुद्राच्या इतके जवळ आहे की पडवीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो. अशा हवेत सायकलच्या कार्बन रिमच्या चाकाला अ‍ॅल्युमिनियमचे निपल (आऱ्याचे टोक रिममध्ये आवळून धरणाऱ्या छोट्या नळ्या) टिकतील का, हे तयार चाक मागवताना मी विचारले नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात आरे-वारेच्या चढावर मागच्या चाकाचा, गिअरच्या बाजूचा एक आरा टणकन सुटला. आरा शाबूत होता. निपलचे डोके उडाले होते. घरी येऊन रिमवरची टेप काढली तर भोकांच्या कडेला ओल्या मिठासारखी पांढरी भुकटी साचलेली दिसली.

कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे त्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये खारा ओलावा आला की एक छोटासा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. पितळेला हा त्रास पुष्कळ कमी असतो. अ‍ॅल्युमिनियममुळे 28 निपलांमागे वजन वाचते ते जेमतेम 20 ग्रॅम, म्हणजे बाटलीतले दोन घोट पाणी. रिम आणि हब (चाकाचा मधला तुंबा) तेच ठेवून, नवे आरे व पितळी निपल घेऊन चाक स्वतःच बांधायचे, असे मी ठरवले.

आऱ्यांची लांबी काढण्यासाठी रिमचा परिणामी व्यास, म्हणजे आऱ्यांची टोके जिथे संपतात तिथला व्यास, लागतो. तो छापील आकड्यावरून न घेता, समोरासमोरच्या भोकांत माहीत असलेल्या लांबीचे दोन आरे निपलसह अडकवून, ते ताणून मधले अंतर मोजले आणि हेच तीन ठिकाणी केले. व्यासाची सरासरी 560 मिलिमीटर आली, छापील आकड्यापेक्षा 2 ने कमी. तेवढ्याने आरा 1 मिलिमीटर लांब झाला असता. डिस्क ब्रेकचा पीळ आऱ्यांनाच सोसावा लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन छेद देणारी वीण घेतली, म्हणजे प्रत्येक आरा वाटेत दोन आऱ्यांना ओलांडतो. दोन्हीकडची लांबी योगायोगाने 264 मिलिमीटर निघाली.

विणताना एक निपल रिमच्या पोकळीत पडला. खोल रिममधून तो बाहेर काढणे म्हणजे मातीच्या गल्ल्यातून नाणे काढणेच. अर्धा तास चाक हलवत बसलो. त्यानंतर प्रत्येक निपल जुन्या आऱ्याच्या टोकावर उलटा फिरवून मगच भोकात सोडला. आट्यांना वाळून घट्ट धरणारे जवसाचे तेल लावले होते, कारण डाव्या बाजूचे सैल आरे पुढे आपोआप उलगडत जातात.

डावी बाजू सैल का, तर कॅसेटला (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांना) जागा देण्यासाठी हबची उजवी कडा मध्याकडे सरकलेली असते आणि तिथले आरे जवळजवळ उभे राहतात. रिम मध्यावर राहावी म्हणून त्यांना जास्त ताण द्यावा लागतो. माझ्या चाकात उजवीकडे 120 आणि डावीकडे 70 किलोच्या आसपास ताण ठेवला, आणि चाक स्टँडमध्ये उलटसुलट लावून रिम मध्यावर आल्याची खात्री केली.

आमच्या आळीतल्या सायकलवाल्या काकांनी आयुष्यभर फ्रेमला अंगठा टेकवून, नखाच्या अंदाजाने चाकांचे आउट, म्हणजे वाकडेपण, काढले आहेत. चाक फिरवून ते म्हणाले, ‘‘अरे, ह्या रिमला आउट दिसतच नाही, मग तू काढतोस काय?’’ अडचण नेमकी तीच होती. साध्या रिममध्ये एखादा आरा जास्त ओढला की रिम तिथेच वाकते आणि डोळ्यांना कळते; कार्बनची रिम इतकी ताठ असते की एका आऱ्याचे ओझे शेजारचे आरे मुकाट्याने वाटून घेतात. माझे चाक पाव मिलिमीटरच्या आत सरळ फिरत होते, तरी ताणमापकावर उजवीकडचा एक आरा 85 आणि त्याच बाजूचा दुसरा 135 दाखवत होता. काकांनी नखाने एकेक आरा छेडला आणि मापक न बघता त्याच दोघांवर बोट ठेवले.

दोन संध्याकाळी पाव-पाव फेरा देण्यात गेल्या. चपटे आरे निपलबरोबर पिळू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने खाचेच्या चिमट्यात धरावे लागतात. ही कटकट मला आवडली, कारण गोल आऱ्याचा पीळ दिसत नाही आणि चपट्याचा लपत नाही. मग आऱ्यांच्या समांतर जोड्या मुठीत आवळून त्यांना आपापल्या जागी बसू दिले, ताण पुन्हा मोजला, आणि सगळे आरे आपापल्या बाजूच्या सरासरीच्या दहा टक्क्यांत आणले.

त्या चाकाने एक पूर्ण पावसाळा काढला आहे. गणपतीपुळ्याहून परतल्यावर गोड्या पाण्याने ते धुतो आणि रिमच्या निचऱ्याच्या भोकातून पाणी निथळू देतो. गेल्या आठवड्यात टेप काढून पाहिली: निपलांची चकाकी गेली आहे, भुकटी मात्र एकाही भोकाला नाही, आणि चावी प्रत्येक निपलवर न अडखळता फिरली.