रक्तवाढीचे इंजेक्शन आणि दिवाणजींचा हिशेब

बेळगावातील एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात मी परिचारिका आहे. निपाणीच्या तंबाखू वखारीत आयुष्यभर दिवाणजी म्हणून काम केलेले एक वृद्ध आमच्याकडे येऊ लागले, तेव्हा त्यांचे हिमोग्लोबिन सातच्या आसपास होते आणि आज वार कोणता, हेही त्यांना सांगता येत नसे. मूत्रपिंड निकामी झाले की तेथे तयार होणारे एरिथ्रोपोएटिन घटते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा निरोपच मिळत नाही; म्हणून डॉक्टरांनी ते इंजेक्शन, 4000 युनिट, सुरू केले.

हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, गोठले तर ते वाया जाते आणि कुपी जोराने हलवूनही चालत नाही. आमच्याकडील साठा संपला की नातेवाईक ते बाहेरून विकत घेतात आणि थेट बर्फात खुपसून बसने आणतात. विकणाऱ्याने दोन शब्द सांगितले असते तर काय बिघडले असते?

पुढच्याच आठवड्यात मी त्यांचे वजन 54.3 किलो असे नोंदवले. कोरडे वजन, म्हणजे अंगात साचलेले जादा पाणी काढल्यावरचे वजन, 52. मशीनवर किती पाणी काढायचे, याची वजाबाकी मी मांडण्याआधीच दिवाणजी म्हणाले, "दोन किलो तीनशे." शेवटी रक्त परत देताना जाणारे तीनशे मिली सलाइन मी त्यात मिळवले, तर तेही कशासाठी, हे त्यांनी विचारून घेतले. त्या आठवड्याचे हिमोग्लोबिन मात्र जेमतेम हलले होते.

जर्मनीतील गॉटिंगेनच्या संशोधक हॅनेलोरे एहरेनराइख यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवले होते की, तीन आठवडे हे औषध दिलेल्या तरुण उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागातील, चेतासंधी (चेतापेशींमधले जोड) अधिक बळकट होतात, स्मरण सुधारते, इंजेक्शने थांबवल्यावरही ते तीन आठवडे टिकते आणि रक्तातील पेशींच्या प्रमाणाशी त्याचा संबंध नसतो. पण त्या उंदरांना वजनाच्या किलोमागे 5000 युनिट दिले होते. आमच्या दिवाणजींना ऐंशीही मिळत नव्हते. डॉक्टरांच्या मते, डायलिसिस नियमित झाल्याने रक्तात साचलेला युरिया उतरला, हेच त्यांचे डोके पुन्हा चालू लागण्याचे खरे कारण. तसे असेलही, परंतु त्यांनी हे केसपेपरवरून नजर न उचलता सांगितले.

सुनेने विचारले, "सिस्टर, मामांजींचा डोस वाढवता येईल का?" मी नाही म्हटले. मधुमेही मूत्रपिंड-रुग्णांच्या 2009 च्या मोठ्या चाचणीत याच जातीच्या औषधाने हिमोग्लोबिन 13 पर्यंत नेण्याच्या प्रयत्नात पक्षाघाताचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले होते. आमच्या तक्त्यात हिमोग्लोबिन, लोह, रक्तदाब या साऱ्यांना रकाने आहेत, स्मरणाला नाही. म्हणून नव्या रुग्णाला इंजेक्शन सुरू होण्यापूर्वीच वार आणि एक वजाबाकी विचारून मी ते उत्तर तक्त्याच्या मागे लिहून ठेवते.