पर्थचा मंगळवार

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मंगळवारी संध्याकाळी पेट्रोल पंपावर रांग दिसली की समजायचं, उद्या भाव चढणार. आपल्याकडे पंप 'शोधणं' हा प्रकारच नाही. पुण्यात कर्वे रोडला भरा की हडपसरला, फरक पैशांत. बांदा-दोडामार्गची मंडळी गोव्यात जाऊन टाकी भरतात, पण ते व्हॅटचं गणित.

इथे मात्र दर आठवड्याच्या भाववाढीच्या दिवशी एकाच रस्त्यावरच्या दोन पंपांत लिटरमागे २० सेंटचाही फरक दिसतो. पेट्रोल दोन्हीकडे ९१ ऑक्टेनचंच! म्हणून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया सरकारने २००१ मध्ये फ्युएलवॉच ही पंपांचे भाव दाखवणारी सेवा सुरू केली. पंपवाल्याने उद्याचा भाव आज दुपारी २ पर्यंत कळवायचा. अडीचनंतर तो सगळ्यांना दिसतो. सकाळी ६ पासून २४ तास त्याला हात लावायचा नाही. उद्याचा भाव आजच कळतो, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

तर मंगळवारी अडीचनंतर बघा. उडी दिसली तर रात्रीच टाकी फुल करा. ५० लिटरवर ३० सेंट म्हणजे १५ डॉलर. चुकलात तर बुधवारी फ्युएलवॉचवरची पंपांची यादी अंतराने नाही, भावाने लावा, कारण काही पंप एक दिवस उशिरा चढवतात. पण लांब जाऊन १५ लिटर भरू नका. शंभर किलोमीटरला ८ लिटर पिणारी गाडी जाऊन-येऊन १० किलोमीटरमध्ये दीडेक डॉलर खाते. लिटरमागे १० सेंट वाचले तरी हिशेब तिथल्या तिथे. सुपरमार्केटच्या पावतीवरची ४ सेंटची सूटही अशीच. ५० लिटरवर २ डॉलर सुटतात, आणि त्या पंपाचा मूळ भाव शेजाऱ्यापेक्षा १० सेंटने चढा असला तर ५ जातात.

एवढं फुकट दिसत असून फरक उरतोच, कारण सगळेच बघत नाहीत. न बघणाऱ्यांच्या जिवावर महागडा पंप चालतो. शिवाय भाव आपल्याला दिसतो तसा शेजारच्या पंपालाही दिसतो. बर्न आणि द रूस या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये याच आकड्यांवरून दाखवलं, की ठरावीक वारी भाव चढवून मोठ्या कंपन्या न बोलताच एकमेकींशी जुळवून घ्यायला शिकल्या. तेव्हा तो वार गुरुवार होता.

आपल्या एकसारख्या भावाला इथले लोक 'स्पर्धाच नाही' म्हणतील. म्हणू देत. सोन्याची घडणावळ विचारत लक्ष्मी रोडवर चार पेढ्या पालथ्या घालतोच की आपण. पेट्रोलला तरी ती कटकट नाही.