मे महिन्यातलं रानशिबिर: माझा अनुभव

रानात राहायची विद्या सांगणारी बरीचशी पुस्तकं थंड देशांत लिहिलेली. तिथे निवारा म्हणजे ऊब आणि शेकोटी म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट. मे महिन्यात भंडारदरा-रतनवाडीच्या बाजूला १२ ते १५ वर्षांची २४ मुलं घेऊन पाच दिवस काढायचे, तर निवारा म्हणजे सावली आणि जीव वाचवतं ते पाणी. आखणी या फरकापासून सुरू करायला लागलो तेव्हापासून माझी निम्मी डोकेदुखी गेली.

जागा बघायला मार्चमध्ये जाण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात. एप्रिल सरताना जायचं, दोराला गाठी मारून विहिरीतलं पाणी मोजायचं आणि गावातल्या जाणत्या बाईला विचारायचं, मे सरेपर्यंत हे पुरतं का. पाणी रोज तीच भरते, त्यामुळे तिचं उत्तर सरपंचापेक्षा खरं असतं. हा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून मुक्काम नेहमी मालकीच्या भातखाचरात, मालकाच्या लेखी संमतीने. ज्या दिवशी अभयारण्यात चालायचं त्या दिवसाची वनखात्याची परवानगी वेगळी. आयोजकाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे हवी. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे आणि पालकांनी नोंदणीचा कागद मागितला तर वाईट वाटून घेऊ नये.

खाचर सपाट असतं, मे महिन्यात कोरडं ठणठणीत असतं, पण त्याच्या बांधात उंदरांची बिळं असतात. उंदीर आला की मागोमाग साप. तंबू बांधापासून किमान तीन मीटर आत. वर सुकलेली फांदी नको, आग्या मोहोळ तर नकोच नको. वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून दार पूर्वेकडे. मुरुमाड जमिनीत तंबूसोबत आलेले प्लास्टिकचे खुंटे पहिल्याच ठोक्याला तुटतात, लोखंडी घ्यावेत आणि माथा तंबूच्या उलट बाजूला कलवून ठोकावेत. सरळ ठोकलेला खुंटा रात्रीच्या वाऱ्यात उपटतो. चौघांच्या तंबूत तिघंच झोपवायची, नाहीतर उकाड्याने कोणी झोपत नाही.

आता पाणी. मुलं, शिक्षक आणि स्वयंपाकी मिळून ३० माणसं. पिणं, रांधणं, भांडी, हातपाय असं सगळं धरून माणशी २० लिटर, म्हणजे रोज ६०० लिटर. दोनशे लिटरची तीन पिंपं सकाळी भरलेली हवीत. यातलं माणशी चार लिटर नुसतं पिण्याचं, चालायच्या दिवशी पाच. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी फुकट जाते, म्हणून आधी तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, चौपदरी फडक्यातून गाळायचं आणि मग पाकिटावर लिहिलेल्या मापाने गोळी टाकून पूर्ण अर्धा तास थांबायचं. इथे हमखास एक चूक होते. क्लोरीनचा वास नको म्हणून मुलं बाटलीत लगेच लिंबू पिळतात. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे क्लोरीन मरतं आणि पाणी होतं तसंच राहतं. लिंबू अर्ध्या तासानंतर. शंका असेल तर सरळ उकळावं, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामातून मीठ गेलेलं असतं, मग मूल भरपूर पाणी पिऊनही मळमळतंय म्हणतं. अकरा वाजता मीठ घातलेलं ताक किंवा नाचणीची आंबील, चार वाजता पन्हं. जलसंजीवनीची एक लिटरची पुडी एका लिटरातच विरघळवायची. मुलं ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी करतात, आणि असलं दाट पाणी उलट जुलाब वाढवतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दर संध्याकाळी मी मुलांना लघवीचा रंग विचारतो. पहिल्या दिवशी खिदळतात, दुसऱ्या दिवसापासून आपणहून सांगतात.

वेळापत्रक उन्हाने ठरतं. सव्वापाचला उठायचं, सहाला चालायला लागायचं, अकराच्या आत सावलीत परत. अकरा ते चार आंब्याखाली गाठी, नकाशा, प्रथमोपचार. बारा वाजता कातळावर मुलांना उभं करणारं वेळापत्रक दिसलं तर ते पुण्या-मुंबईत पंख्याखाली बसून केलंय असं खुशाल समजावं. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं, की तो उष्माघात. घाम येतोय की थांबलाय हे बघत बसायचं नाही. सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, १०८ ला फोन. पूर्ण शुद्धीत नसलेल्याला तोंडाने काही पाजायचं नाही.

दिशा ओळखण्यात पुस्तकं सगळ्यात जास्त फसवतात. दुपारी सावली उत्तरेला पडते हे आपण शाळेत शिकतो. या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैच्या उत्तरार्धापर्यंत माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दिशा काढायची युक्तीही या दिवसांत कामाची नाही. चालते ती काठीची. एक मीटरची काठी ओळंब्यात रोवायची, साडेअकराला सावलीच्या टोकावर खडा, दीडला दुसरा खडा. पहिला पश्चिम, दुसरा पूर्व. बाराच्या दोन्ही बाजूंना सारख्या वेळा का घेत नाही, असं एखादं चौकस मूल विचारतंच. इथली खरी माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमाराला होते, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण ७४ च्या अलीकडे.

रात्री नऊला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या चौकोनातल्या शेपटीपासून लांबच्या दोन ताऱ्यांत, पुलहाकडून क्रतूकडे, रेघ ओढून तेवढंच अंतर पाच वेळा पुढे गेलं की ध्रुव. तो क्षितिजापासून जेमतेम १९-२० अंश वर, हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींइतका. त्यामुळे उत्तरेला उंच डोंगर असेल तर दिसतच नाही. मग पाठ फिरवायची. त्याच सुमाराला दक्षिणेला त्रिशंकू मुठीभर उंचीवर असतो. इंग्लंडच्या मुलाला हा तारकासमूह घरून कधीच दिसत नाही, हे सांगितलं की मुलं जरा ताठ बसतात. होकायंत्राचा चुंबकीय फरक आपल्याकडे एका अंशाच्या आत असतो, शिकवताना सोडून द्यावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर. मुलं सपाट अंतर मोजतात आणि चढ विसरतात. म्हणून तासाला तीन किलोमीटर, शिवाय दर १०० मीटर चढाला १५ मिनिटं जास्त, असा हिशोब आधी कागदावर करायला लावतो.

चूल पेटवणं शिकवायचंच, पण या दिवसांत वणव्याला एक ठिणगी पुरते. सरपण गावातून विकत आणतो, अभयारण्यातली काटकीसुद्धा उचलायची नाही. उघड्या खाचरात तीन मीटर गवत-पाचोळा खरवडून काढायचा. मोठ्या प्रमाणावर वनखातं हेच करतं, त्याला जाळरेषा म्हणतात. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि हिरवे डहाळे. चुलीचे तीन दगड ओढ्यातले नकोत. आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटून कपचा उडतात. गटाला काड्या तीनच. नारळाचा काथ्या, त्यावर काडीएवढं सरपण, मग बोटाएवढं, मग मनगटाएवढं. बहुतेक गट काथ्यावर थेट मनगट ठेवतात, हवा कोंडते, धूर होतो, काड्या संपतात. त्यांना चौथी काडी द्यायची नाही, शेजारच्या गटाकडून विस्तव मागून आणू द्यायचा. खिचडीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळ. घरी एवढी संपत नाही, इथे खरवडसुद्धा उरत नाही. विझवताना पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा ओतायचं आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायचं.

साप म्हणून नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार ही चार नावं पाठ. मी जास्त बोलतो ते मण्यारीवर. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या जड झाल्यात असं कोणी म्हणालं तर अपचन समजून ओवा देत बसू नये. उघड्यावर झोपणं बंद, तंबूची चेन कायम लावलेली, अंधारात विजेरीशिवाय पाऊल नाही, बूट झटकल्याशिवाय पायात नाहीत. चावल्यावर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अवयव हलू द्यायचा नाही आणि दवाखाना गाठायचा. प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात आहे हे शिबिराच्या आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं असावं. लाल विंचवाच्या दंशावरचं प्राझोसिन हे औषध आहे का हेही तिथेच विचारायचं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे तो उपचार रूढ झाला.

दोराचा, म्हणजे दोरावरून कातळ उतरायचा, दिवस चौथा, कारण तोवर मूल सांगितलेलं ऐकायला लागलेलं असतं. नवख्यांना ३०-४० फुटांचा कातळ भरपूर. दोर बांधायला एकमेकांवर न विसंबणारे दोन आधार, उतरायचा दोर वेगळा आणि सुरक्षेचा वेगळा, दोन्ही ११ मिलिमीटरचे. हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, फिगर ऑफ एटची (इंग्रजी आठच्या आकाराची) गाठ. ती मूल बांधतं, जोडीदार तपासतो, मग शिक्षक. लांब केस आणि ओढणी आत खोचलेली, कारण ती डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना दोरावर वेग आवरणाऱ्या कडीत, अडकली तर मूल मध्येच लटकतं. दोरप्रमुखाने उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतून प्रशिक्षक अभ्यासक्रम केलेला असावा. कड्यावर मोहोळ आहे का हे आदल्या दिवशी दुर्बिणीतून बघायचं. अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही बंद. मोहोळ उठलं तर गाठी कामाला येत नाहीत.

दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीसच्या आत मोजलं गेलं, की सगळे गावातल्या शाळेच्या पक्क्या खोलीत. तंबू वाचवत नाही, एकटं झाड तर मुळीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, मुलांनी कितीही गळ घातली तरी.

संडासाचा चर पाण्यापासून ६० मीटर लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल, मुलींचा वेगळा. दर वेळी वर माती आणि राख. पाचव्या दिवशी तो बुजवायचा, चुलीची राख गार करून मालक सांगेल त्या खाचरात पसरायची, खुंटे मोजायचे. दोन-तीन कमी भरतातच. ते शोधून काढल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, कारण पावसाळ्यात त्या चिखलात अनवाणी माणसं भात लावणार असतात.